पुरौनीचा शिधा

आमच्या मोठ्या आईला मी अजून माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी माझं मन विरघळेल या आशेनं कुणी वाचायला नको. ती जाऊनही आता चार-पाच वर्षं झाली. तेरवीला मी गेले होते, पोटभर जेवले, आणि जेवताना मनात म्हटलं, काय सुंदर जेवण आहे, बाईनं जिवंतपणी असं कुणाला घातलं नाही. शेजारी माझा नवरा बसला होता. माझं तोंड पाहून तो हळूच म्हणाला, ‘आता तरी सोड.’ सोड म्हणे! चाळिशी आली, केस पिकले, गुडघे बोलायला लागले, पण हा राग मात्र अजून सोळा वर्षांच्या मुलीसारखा ताठ उभा आहे. असू दे. मी त्याला बस म्हणणार नाही.

मोठी आई म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. आम्ही मूळचे गोंदियाकडचे. आमच्यात थोरल्या काकांना मोठेबाबा म्हणतात आणि त्यांच्या बायकोला मोठी आई. म्हणजे शिव्या द्यायच्या झाल्या तरी आधी आई म्हणायचं, मग शिव्या. मोठेबाबा आधी भिलाईला आले, प्लांटात लागले. मग त्यांनी बाबांना गावाहून बोलावून घेतलं, फॉर्म आणून दिला, परीक्षेआधी महिनाभर आपल्या क्वार्टरात ठेवून घेतलं. नोकरी बाबांनी स्वतःच्या अकलेवर मिळवली, पण त्या महिनाभराच्या वरणभाताचं ओझं त्यांनी जन्मभर वागवलं. मोठेबाबांसमोर ते खुर्चीत बसायचे नाहीत, आणि मोठ्या आईसमोर तर त्यांची नजर स्वतःच्या पायांवरून वर उठायची नाही.

छत्तीसगढचं नवं राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती, दुकानांच्या पाट्यांवर कुठं कुठं अजून जुन्याच राज्याचं नाव होतं. मोठेबाबा रिटायर झाले, क्वार्टर सोडायची वेळ आली, आणि स्मृती नगरातल्या त्यांच्या घराला अजून खिडक्या बसायच्या होत्या. ‘तीन महिन्याची तं गोष्ट हाय, लते,’ मोठी आई आईला म्हणाली, आणि मोठेबाबा, त्यांचा मुलगा राजूदादा, एक लोखंडी कपाट आणि सात पेट्या घेऊन आमच्या दोन खोल्यांत शिरली. ते तीन महिने दीड वर्ष चालले. मी तेव्हा अकरावीत होते. आईबाबांना मी एकटीच.

त्या आधीचं आमचं घर मला अजून कानांनी आठवतं. सकाळचा प्लांटचा भोंगा, मग बाबांच्या सायकलचा स्टँड काढल्याचा खट्ट आवाज, मग अंगणातल्या नळाखाली बादली, आणि या सगळ्यावर आईचा खलबत्ता. आई रोज सकाळी भाजलेले शेंगदाणे कुटायची. आमच्याकडं भाजीत कूट, ठेच्यात कूट, आणि मधल्या वेळेला नुसते दाणे आणि गुळाचा खडा. रविवारी पातोडीचा रस्सा व्हायचा, त्यावर तेलाचा लाल तवंग असा की बाबांच्या मिशीला रंग चढायचा. आई काही उधळी नव्हती. पण रविवारी बाबांच्या सायकलवर मागं बसून ती बाजाराला जायची तेव्हा नवी साडी नेसायची, आणि परत येताना तिच्या मांडीवरच्या थैलीतून मेथीची जुडी बाहेर डोकावत असायची. तिचा तेवढाच सण होता. मोठी आई यायच्या दोन महिने आधी आईचं पोटाचं ऑपरेशन झालं, रक्त फार गेलं. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं की रोज अर्धा लिटर दूध, गूळ-शेंगदाणे, पालेभाजी हे चुकवायचं नाही, नाहीतर ही बाई उभी राहायची नाही. बाबांनी तेव्हा दोनदा मान डोलावली होती. मी तिथंच होते, मी पाहिलंय.

मोठी आई आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी आई थैली भरून घरात आली. चप्पल काढायच्या आत प्रश्न आला, ‘कितीले भेटले?’ हा तिचा लाडका प्रश्न. घरात काहीही येवो, भाजी, औषधाची बाटली, माझी वही, शेजारणीनं दिलेला प्रसाद, ती आधी विचारायची, कितीले भेटले? आईनं वांग्याचा भाव सांगितला. मोठ्या आईनं कपाळावर हात मारला. ‘बाप्पा! लुटून आली न् व! लते, तुले बाजार करता येत नाही. पुढच्या आयतवारपासून मी जातो. अर्ध्यात आनून दाखवतो.’ बाबा पायांकडं बघत होते. आई म्हणाली, ‘जा ना बाई, मले तेवढाच आराम.’ आणि दोन्ही घरांनी सारखे पैसे टाकायचे, बाजार एक, स्वयंपाक मात्र ज्याचा त्यानं करायचा असं ठरलं. ठरलं म्हणजे तिनं ठरवलं.

काटकसर तिला येत होती, हे मी नाकबूल करणार नाही. तिचा तळहात म्हणजे तराजू होता. बटाटा उचलला की वजन सांगायची. तुरीच्या डाळीत ती निम्मी लाखोळी मिसळायची, इथले लोक जिला तिवरा म्हणतात ती. तेलाच्या बाटलीला दोरा बांधून ठेवायची, आठवडा संपायच्या आत तेल दोऱ्याखाली गेलं तर आईची उलटतपासणी. चहाची पत्ती दोनदा उकळायची. शेंगदाणे पहिल्याच आठवड्यात यादीतून गेले, ‘श्रीमंताचे चोचले’ म्हणून. दूध दोन लिटरचं एक लिटर झालं, आणि त्या एका लिटरचा चहा, राजूदादाचा ग्लास आणि मोठेबाबांचं दही झालं की पातेलं रिकामं. खलबत्ता पलंगाखाली गेला. आईनं एकदा, फक्त एकदा, हळूच म्हटलं होतं, ‘बाई, मले डॉक्टरीणनं दूध सांगतलं होतं.’ मोठी आई हसली. ‘डॉक्टरीणचं काय जाते सांगाले? तिले काय बाजार करा लागते?’

पण तिची खरी करामत होती पुरौनीत. इथल्या बाजारात तुम्ही भाजी तोलून घेतली की भाजीवाली वरून एक मूठ टाकते, दोन मिरच्या, कोथिंबिरीच्या काड्या, एखादं टमाटर. तिला छत्तीसगढीत पुरौनी म्हणतात. तोललेल्याचे पैसे, पुरौनी फुकट. मोठी आई पुरौनी मागण्यात अशी पटाईत की भाजीवाल्या तिला लांबून पाहूनच पदर सावरायच्या. घरी आली की ती फरशीवर दोन ढीग करायची. कांदे-बटाटे निम्मे-निम्मे, ते कुणी मोजलं असतं म्हणून. पण बाकी? तोललेली फुलकोबी, वाटाणा, गाजर तिच्या टोपलीत, ‘आमचे दोन मानसं खानारे हायत.’ आणि पुरौनीतला तो मऊ पडलेला टमाटर, किडकी दोन वांगी, मिरच्या, मुळ्याचा पाला आमच्याकडं सरकवायची. ‘हे तुमचं. कमी हाय का? पाह्य केवढा ढीग झाला!’ म्हणजे आम्ही पैसे द्यायचे तोललेल्याचे आणि खायची पुरौनी. दीड वर्ष, दर रविवारी, माझ्या डोळ्यांसमोर. आई तो पाला निवडायला बसायची तेव्हा तिची नखं पांढरी दिसायची, अगदी खडूसारखी.

वाचलेला पैसा कुठं गेला ते मला दिवाळीच्या सुट्टीत कळलं. मोठी आई आम्हाला घर दाखवायला स्मृती नगरात घेऊन गेली. खिडक्यांना सिविक सेंटरच्या दुकानांतून आणलेले पडदे, आणि स्वयंपाकघरात काळ्या ग्रॅनाईटचा ओटा, त्यात हिरवे ठिपके, तोंड दिसेल एवढा चकचकीत. ‘बाजारातून वाचवून वाचवून केला,’ ती म्हणाली, आणि पदरानं ओटा पुसला. मी त्या ओट्यावर हात ठेवला. थंडगार होता. माझ्या आईचं वर्षभराचं दूध त्या दगडात गेलं होतं आणि ही बाई ते मला दाखवून, वर कौतुक मागत होती. मी म्हटलं, ‘छान आहे.’ आजही कुणाच्या घरी काळा ग्रॅनाईट पाहिला की माझं डोकं उठतं. माझ्या स्वयंपाकघरात मी साधी कोटा फरशी घातली आहे.

थंडीत तिचा गुडघा सुजला आणि बाजार माझ्याकडं आला. ‘वैशू जाईन. पन सांगून ठेवतो, एक रुपया जास्त गेला तं खबरदार.’ हुडको वसाहतीच्या रस्त्याला लागून रविवारी बाजार भरायचा, तिथं मी सायकलनं जायला लागले. पहिल्या दोन रविवारी मी चांगली लुबाडली गेले. तिसऱ्या रविवारी सुकवारो भेटली. बाजाराच्या अगदी कडेला, गावाहून चालत आलेल्या बायका बसायच्या, त्यांच्यात ही. हातभर हिरव्या बांगड्या, पायात जाड तोडे, आणि समोर पोत्यावर चेच नावाची इथली पालेभाजी, लाल भाजी, कोवळी तिवऱ्याची भाजी. तिनं मला शिकवलं. मधल्या व्यापाऱ्यांकडं जायचं नाही, कडेच्या बायकांकडं यायचं. हवी ती भाजी आधी हातात धरायची नाही. उन्हं उतरताना यायचं, बायकांना घरी परतायची घाई असते, मग किलोनं नाही, पूर्ण ढीगच मागायचा. ज्याचा हंगाम आहे तेच खायचं, वाटाणा महाग आहे तर त्याच्याकडं बघायचंसुद्धा नाही. आणि घासाघीस करताना हसायचं. मोठी आई घासाघीस भांडल्यासारखी करायची. मी हसून करू लागले, आणि महिन्याभरात तिच्यापेक्षा स्वस्त बाजार घरी आणू लागले. ती यादी बघायची, भाव विचारायची आणि काही सापडायचं नाही म्हणून चिडायची. देवा, काय मजा यायची मला!

तिच्या भावात आणि माझ्या भावात जो फरक पडायचा, त्यातून मी आईसाठी पावशेर शेंगदाणे, गुळाचा एक खडा आणि नुक्कडच्या डेअरीतून रोजचं पावभर दूध सुरू केलं. दूध मी शाळेच्या पाण्याच्या बाटलीत आणायची आणि आई ते न्हाणीघरात उभ्यानं प्यायची. घराची मालकीण, स्वतःच्या घरात, न्हाणीत लपून दूध पीत होती. पण तिच्या गालांवर थोडा रंग आला. एका सकाळी तिनं पलंगाखालून खलबत्ता काढला, पुसला आणि परत ठेवून दिला. आवाज झाला असता म्हणून.

सहाव्या आठवड्यात मोठ्या आईनं माझी शाळेची बॅग उघडली. गुळाला मुंग्या लागल्या होत्या, त्यांच्या मागावर ती बॅगेपर्यंत पोचली. बाबा फर्स्ट शिफ्ट करून नुकतेच आले होते, मोठेबाबा पेपर वाचत होते. तिनं शेंगदाण्याची पुडी सगळ्यांसमोर फरशीवर ओतली. ‘पाहा! पोट्टी चोट्टी निघाली! आमच्या घासातलं चोरून मायलेकी खाऊन राहिल्या!’

आई दारात येऊन उभी राहिली. ‘बाई, तिले नोका बोलू. मले चक्कर येते म्हणून आनलं तिनं.’

‘चक्कर येते तं झोपून राह्य. तोलून खायाची तुमची लायकी हाय का? तुमचं सारंच पुरौनीतलं, लते. भाऊजीची नोकरी बी आमच्याच पुरौनीत लागली, इसरली का?’

मोठेबाबांनी पेपरचं पान उलटलं. मी बाबांकडं बघत होते. मला वाटत होतं, आता. आता हा माणूस मान वर करील. बाबा पायांकडंच बघत म्हणाले, ‘वैशू, मोठ्या आईच्या पाया पड.’ बाबांवरचा माझा राग वेगळा आहे, तो या प्रकरणात मावायचा नाही. मी वाकले. माझं कपाळ तिच्या त्या सुजलेल्या पायांना लागलं आणि तिथंच, पाया पडता पडता, मी ठरवलं की हिचा शब्द हिच्याच घशात घालीन. कसा, ते माहीत नव्हतं. पण घालीन.

बाजार माझ्याकडून गेला नाही, कारण स्वस्त तोच होता. फक्त आता मी परत आल्यावर ती माझे खिसे चाचपायची. आईचं दूध बंद झालं. तीन आठवड्यांनी सकाळी अंगणात बादली आदळल्याचा आवाज आला. आई नळाखाली पडली होती, ओठ पांढरेफटक, साडी भिजलेली. बाबांनी आणि शेजारच्या काकांनी तिला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. रक्ताच्या दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, ‘तुम लोग इनको खाना नहीं देते क्या?’ माझ्यापाशी उत्तर होतं, पण ते मी राखून ठेवलं. चार दिवस आई तिथं होती. मोठी आई एकदाही फिरकली नाही, तिच्याकडं टाईल्सवाला यायचा होता.

आणि मग त्यांची वास्तुशांत ठरली. आमच्या घराण्यात रीत अशी की नव्या घराच्या चुलीवर पहिला शिधा धाकट्या जावेनं न्यायचा. तांदूळ, डाळ, हळद, मीठ, गूळ, अशा पाच वस्तू ताटात, वर नवं कापड. तो शिधा घरात आला की मग त्या घरात धान्य येतं. मोठी आईच येऊन म्हणाली, ‘शिधा तुलेच आनाव लागन, लते, मान तुहा हाय. न् वैशूलेच धाड बाजारात. तिले सारं स्वस्तात भेटते.’ वर हसली. आई अजून भिंतीला धरून चालत होती. मी पटकन म्हटलं, ‘हौ, मोठी आई. मीच आणते.’ माझ्या आवाजातला गोडवा ऐकून आईनं माझ्याकडं वळून पाहिलं.

मी तीन रविवार लावले. घरचा बाजार नेहमीसारखा केला, पण प्रत्येक दुकानात, प्रत्येक पोत्याशी थांबून मी पुरौनी मागितली, आणि मागितली ती धान्याची. तांदूळवाल्याकडून मूठभर, त्याच्या शेजारच्याकडून मूठभर, डाळवालीकडून चिमूट, हळदीवालीकडून पुडीच्या तळाशी उरलेली, गुळाच्या दुकानात काट्याला चिकटलेला चुरा. मिठाच्या दुकानात लोक हसले, मीठ कुणी पुरौनीत मागतं का म्हणून. सगळं एकेका पिशवीत. तांदळात लांब, जाड, लालसर, कणी असं सगळं मिसळलं होतं. डाळीत तूर, मसूर, चणा आणि अर्थातच तिवरा.

सुकवारो सगळं बघत होती. तिसऱ्या रविवारी तिनं विचारलं, ‘का करबे नोनी अतका पुरौनी के?’ एवढ्या पुरौनीचं करशील काय, असं. नोनी म्हणजे पोरगी, मला ती तसंच म्हणायची. मी तिला सगळं सांगितलं, दूध, फरशीवरचे दोन ढीग, बाबांच्या नोकरीवरून टाकलेला तो शब्द. ती ऐकत ऐकत भाजीवर पाणी शिंपडत राहिली. मग म्हणाली, ‘पुरौनी ह मन के होथे नोनी. एला गारी झन बना.’ पुरौनी मनापासून दिलेली असते, तिची शिवी करू नकोस. मी मान खाली घातली. पण पिशवी सोडली नाही. या सगळ्या प्रकरणात मला टोचतं ते एवढंच. सुकवारोच्या चांगुलपणाची मी शिवी केली. मोठ्या आईचं काय झालं त्याचं मला काडीचंही वाटत नाही.

वास्तुशांतीला घर माणसांनी भरलं होतं. दारावर झेंडूची माळ, होमाचा धूर, पुरणाचा वास. दुर्गहून राजूदादाला सांगून आलेल्या मुलीची आई आली होती, चार पिढ्या दुर्गात राहिलेलं घराणं, बाई शांत, पांढरी साडी, बोलणं शुद्ध. मोठी आई तिला हाताला धरून ओट्यापाशी घेऊन आली. ‘शिधा आमच्या लताच्या हातचा,’ ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. आईनं ताट ओट्यावर ठेवलं. तिच्या मनगटाच्या वर सलाईनची सुई टोचल्याची निळी खूण अजून होती. मोठ्या आईनं वरचं कापड उचललं.

‘अवो बाई, हे काय मिसळन व?’ तिनं तांदळात बोटं घातली. लाल, पांढरा, कणी. मग सवयीनं, अगदी सवयीनं, आजूबाजूला कोण आहे याचं भान न राहता तिच्या तोंडून निघालंच, ‘कितीले भेटले?’

‘फुकट,’ मी म्हटलं. ‘पुरौनीतलं आहे सगळं.’

आजूबाजूच्या बायका ताटाकडं वाकल्या. त्यातल्या निम्म्या छत्तीसगढी, त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दुर्गच्या बाईंनी भुवया वर केल्या. ‘पुरौनी? शिध्यात?’

‘हो ना मावशी,’ मी म्हटलं. मी तेव्हा दोन वेण्या घालायची आणि तोंड भोळं करायला मला सोपं जायचं. ‘आमच्याकडं तसंच आहे. आमचा बाजार एकत्र येतो ना, तर तोललेलं मोठ्या आईचं आणि पुरौनी आमची. दीड वर्ष आम्ही पुरौनीच खाल्ली. मग आमच्या घरून शिधा यायचा तर तो पुरौनीचाच येणार ना? आमच्याकडं दुसरं काही नाहीच. मोठी आईच म्हणते, तोलून खायची आमची लायकी नाही.’

मोठ्या आईचा चेहरा मी अजून हवा तेव्हा डोळ्यांसमोर आणू शकते. आधी पांढरा, मग लाल, मग दोन्ही. ‘पोट्टी काहीही बोलून राहिली! लते, तुह्या पोट्टीले—’ पण ती आईकडं वळली आणि तिच्याबरोबर सगळ्या बायकांची नजर आईकडं वळली. पिवळी पडलेली, गळ्याची हाडं वर आलेली, पोलकं खांद्यावरून उतरणारं. कुणाला पुरावा मागावा लागला नाही. ताट ओट्यावर तसंच. धान्य टाकता येईना, घरात घेता येईना. बाबा दारात उभे होते, अनवाणी, आणि पहिल्यांदाच ते पायांकडं बघत नव्हते. बघत होते मोठ्या भावाकडं, आणि मोठेबाबा कुठंतरी खिडकीबाहेर.

दुर्गच्या बाईंनी ताटातले दाणे बोटांनी सारखे केले. ‘अन्न आहे, आत ठेवा,’ त्या मोठ्या आईला म्हणाल्या. मग आईजवळ गेल्या, तिचा दंड धरला. बहुतेक त्यांच्या मुठीत तो पूर्ण मावला असावा, कारण त्या क्षणभर थांबल्या. ‘तुम्ही वाढायला उभ्या राहू नका. माझ्याजवळ बसा. यजमानीणबाई वाढतील आपल्याला.’

ते स्थळ पुढं मोडलं की जमलं, हे लोक मला नेहमी विचारतात. जमलं. मुलगी दुर्गची आली आणि तिनं मोठ्या आईला पुढची पंधरा वर्षं जेवढ्यास तेवढंच वाढलं, तो तिचा हिशोब, मला त्यात पडायचं नाही. मला हवं होतं ते त्याच दुपारी मिळालं.

पहिली पंगत बसली. आमच्याकडं पुरणपोळी म्हणजे तुपाची वाटी शेजारी, पोळी तुपात बुडवून खायची. आई पाटावर बसली. तिच्या लग्नाला सतरा वर्षं झाली होती आणि मी तिला पहिल्या पंगतीत बसलेली त्याआधी कधी पाहिली नव्हती. मोठी आई तुपाचं भांडं घेऊन ओळीत आली. दुर्गच्या बाईंना वाढलं. आईच्या वाटीत तिनं चमच्याच्या टोकानं थोडं तूप सोडलं आणि पुढं निघाली.

‘बाई,’ आई म्हणाली.

मोठी आई थांबली. सगळी ओळ थांबली.

‘आनखी.’

मोठ्या आईनं वाकून आणखी घातलं. आईनं पोळीचा तुकडा बुडवला, खाल्ला, घाई न करता चावला, आणि वाटी उचलून तिच्यापुढं धरली.

‘भरा.’

तिनं भरली. आईनं ती वाटी ओठाला लावली, रिकामी केली, आणि परत पुढं केली.